दिवाळीआधीची आफ्रिका

निर्मला गेल्याचा फोन आला तेव्हा मी नववीच्या वर्गावर कर्मणी प्रयोग शिकवत होते. शिपाई दारात येऊन उभा राहिला, ऑफिसात बोलावलंय म्हणाला. मुख्याध्यापकांनी रिसीव्हर माझ्या हातात दिला. पलीकडून तिचा धाकटा भाऊ बोलत होता, नगरहून, दवाखान्यासमोरच्या एसटीडी बूथवरून. "ताई गेली," एवढंच म्हणाला, आणि मग रस्त्यावरून जाणाऱ्या एका ट्रकचा आवाज बराच वेळ येत राहिला. मी "बरं" म्हटलं. खरंच, बरं म्हटलं. फोन ठेवला, वर्गात परत गेले आणि फळ्यावर अर्धं राहिलेलं वाक्य पुरं केलं. रामाने आंबा खाल्ला. आंबा पुल्लिंगी म्हणून खाल्ला; चिंच असती तर खाल्ली... तास संपेपर्यंत शिकवत राहिले. मुलांना काही कळलं नाही. मला तरी कळलं होतं असं कुठं म्हणता येतंय.

कावीळ झाली होती तिला. आधी नुसता ताप होता, मग डोळे पिवळे दिसायला लागले. दहावीची परीक्षा तोंडावर होती म्हणून ती रजा घेईना. शेवटी मी आणि तिच्या घरमालकीण शेखचाची, अशा दोघींनी तिला पाथर्डीच्या स्टँडवर नेऊन नगरच्या गाडीत बसवलं. चाचींनी खिडकीतून साखर घातलेल्या लिंबाच्या पाण्याची बाटली आत दिली. निर्मला मला म्हणाली, "सातवीचे पेपर कपाटात आहेत, वरच्या फळीवर. निम्मे तपासून झालेत." गाडी हलली. तिच्या माझ्यातलं शेवटचं बोलणं हे एवढंच. आता त्यात काही शोधायला गेलं तर सापडत नाही. पेपर मात्र खरोखरच वरच्या फळीवर होते.

निर्मला ओहोळ मूळची नगरकडच्या कर्जतची. वडील पंचायत समितीत शिपाई, आई रोजगार हमीच्या कामावर जायची. छप्पन्न साली धर्म बदललेल्या घरातली ही थोरली मुलगी. शिकायचंच, हे घरात ठरलेलंच होतं. काय शिकायचं ते तिनं ठरवलं. नगरच्या कॉलेजात इतिहास घेतला. तिथं एका तासाला तिनं ऐकलं, की निजामशाही मोडकळीला आली असताना ज्या वजिरानं दिल्लीच्या फौजांना वर्षानुवर्षं दाद दिली नाही, तो हबशी होता. आफ्रिकेतून आलेला. आलेला कसला, आणलेला. लहानपणी बाजारात विकला गेला, एका धन्याकडून दुसऱ्याकडं, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडं, असा करत दख्खनमध्ये पोचला. निर्मलाला त्या दिवसापासून एकच गोष्ट सलत राहिली. "ज्या माणसानं हे राज्य राखलं, त्याच्या आईचं गाव कुठलं ते आपल्याला माहीत नाही गं," ती म्हणायची. "ती त्याला हाक काय मारायची, तेही नाही." त्या आईचं गाव शोधता शोधता ती अख्ख्या खंडात शिरली, आणि पुन्हा म्हणावी तशी बाहेर आलीच नाही.

आमच्या गावात ती आली तेव्हा तिला खोली सहज मिळाली नव्हती. का, ते सांगत बसत नाही; वाचणाऱ्यांना कळतंच. बांगड्यांचं दुकान असलेल्या शेखचाचींनी माडीवरची खोली दिली आणि पुढं रोजच्या कालवणाची वाटीही वर पाठवायला लागल्या. शाळेत निर्मलाकडं इतिहास-भूगोल. आमचा तालुका कोरडा. दसरा झाला की गावात ट्रक येऊन लागतात आणि दिवाळीच्या आगंमागं निम्मं गाव ऊसतोडीला निघून जातं, ते उन्हाळ्यात परत येतं. पोरंही बरोबर जातात. त्यामुळं दिवाळीनंतर आमचे वर्ग तोंडातले दात पडावेत तसे दिसतात. सातवीच्या पुस्तकात आफ्रिका शेवटाकडं होती. पहिल्या वर्षी निर्मलानं ती पुस्तकाच्या क्रमानं, जानेवारीत शिकवली. दुसऱ्या वर्षी शाळा सुरू झाल्यावर सरळ मुख्याध्यापकांकडं गेली आणि म्हणाली, मी आफ्रिका दिवाळीच्या आधी घेणार.

"अहो ओहोळबाई, आधी आशिया तर संपवा," सर म्हणाले.

"आशिया कुठं जात नाही, सर. मुलं जातात."

सर हसले, आणि हसले म्हणजे परवानगी मिळाली असं तिनं धरून टाकलं.

तिला आफ्रिका त्या जाणाऱ्या मुलांनाच सांगायची होती, त्याचं कारण होतं साखर. युरोपातल्या लोकांच्या चहाला गोडी यावी म्हणून आफ्रिकेतली माणसं बोटींत कोंबून समुद्रापार नेली, आणि तिथं त्यांच्या हातून काय करून घेतलं, तर ऊस लावून घेतला, ऊस तोडून घेतला. हे आपल्या मुलांना कळलंच पाहिजे, असं तिचं म्हणणं. एक्क्याण्णव सालची गोष्ट. मी शेजारच्या वर्गावर होते, भिंतीपलीकडून तिचा आवाज ऐकू येत होता. बोलता बोलता ती म्हणून गेली, की तुमचे आईवडील ट्रकमधून जातात ना, तशीच ती माणसं बोटींतून गेली. वर्ग एकदम गप्प झाला. तिला वाटलं, मुलांना भिडलं.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत द्वारकाबाई शाळेत आली. सातवीतल्या संगीताची आई. उंच, हाडापेरानं दणकट, नवऱ्याबरोबर पंधरा-पंधरा हंगाम कोयता चालवलेली बाई. शिक्षकांच्या खोलीच्या दारात उभं राहून तिनं विचारलं, "त्या आफ्रिकेच्या बाई कोन?"

निर्मला उठली. "मीच."

"माज्या लेकीला गुलाम म्हनलात तुमी?"

"नाही हो, तसं नाही म्हटलं मी..."

"मंग कसं म्हनलात? पोरगी घरी येऊन बापाला म्हनती, आपन गुलाम हाय. बाप भरल्या ताटावरनं उठला. आमी ऊस तोडतो, व्हय. ट्रकात बसून जातो, तेबी खरं. पन आमच्या पायानं चढतो ट्रकात. आमाला कुनी इकत न्हाई अन् कुनी इकत घेत न्हाई."

खोलीत आम्ही सगळेच होतो. कुणी म्हणालं, बाई, बसा, पाणी घ्या. ती बसली नाही. द्वारकाबाई गेल्यावरही निर्मला तशीच उभी होती. संध्याकाळी घरी जाताना मला म्हणाली, "ती म्हणाली ते खरंय. पण मी सांगितलं तेही खोटं नाही. मग चुकलं कुठं?"

दिवाळीनंतर गाव रिकामं झालं. संगीताही गेली. नाताळच्या सुट्टीत निर्मला मला म्हणाली, चल, श्रीरामपूरच्या बाजूला जाऊन येऊ. तिथं कुणाकडं जायचंय ते एसटीत बसल्यावर सांगितलं. कारखान्याच्या गावाला उतरलो, विचारत विचारत उसाच्या फडात पोचलो. द्वारकाबाई साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट घालून, डोक्याला फडकं बांधून तोडत होती. आम्हाला पाहिलं तरी तिचा हात थांबला नाही. "बसा की," म्हणाली. बसायला जागा नव्हती. निर्मला पदर खोचून तोडलेला ऊस गोळा करायला लागली. थोड्याच वेळात पाचटानं तिचे हात चिरले. द्वारकाबाईनं ते पाहिलं, स्वतःच्या गाठोड्यातून दुसरा शर्ट काढला आणि तिच्याकडं फेकला. "हातभर बाह्यांचं घालावं बाई. पाचट कापतं."

दुपारी बांधावर भाकरी खायला बसलो. जवळच संगीता धाकट्या भावाला कडेवर घेऊन उभी होती, आमच्याकडं बघत नव्हती. निर्मला म्हणाली, "द्वारकाबाई, मी काय शिकवायला हवं होतं?"

"मला काय इचारता? मी शाळा बघितली न्हाई."

"तरी सांगा."

द्वारकाबाईनं भाकरीचा तुकडा मोडला, हातातच ठेवला. "ती मानसं बोटीत घालून न्हेली म्हनता. त्याच्या आधी ती कुठंतरी ऱ्हात हुतीच की. काय पेरायची, काय खायची, लगीन कसं लावायची, भांडायची कशी... ते का न्हाई सांगितलं? पोरीला तुमी नुसती बेडी दाखवली. मानूस दाखवलंच न्हाई."

परतीच्या गाडीत निर्मला चिरलेले हात मांडीवर उताणे ठेवून बसली होती. त्या सुट्टीपासून ती दर रविवारी नगरला जायला लागली, वाचनालयात. कधी पुण्याला. इंग्रजी पुस्तकं शब्दकोश शेजारी घेऊन वाचायची. आणि पुढच्या वर्षी तिनं धडा उलटा केला. आता सुरुवात गुलामांपासून नाही. सुरुवात मिठापासून. वाळवंटातून उंटांवर मिठाच्या लाद्या यायच्या आणि दक्षिणेकडून सोनं यायचं, आणि जिथं त्यांची गाठ पडायची तिथं शहरं उभी राहिली. तिथल्या एका राजानं मक्केच्या यात्रेला जाताना वाटेत इतकं सोनं वाटलं, की कैरोच्या बाजारात सोन्याचा भाव पडला. एका शहरात पुस्तकांच्या व्यापारात इतर कुठल्याही मालापेक्षा जास्त नफा मिळायचा. दक्षिणेला कुणी चुना न वापरता, दगडावर दगड बसवून, हत्तीच्या पाठीसारख्या वळणदार भिंती बांधल्या. पूर्व किनाऱ्यावरून गलबतं निघायची ती आपल्याकडं पाऊस आणणाऱ्या वाऱ्यावरच, आणि वारा फिरला की त्यावरच परत जायची. कापड न्यायची, हस्तिदंत आणायची. पश्चिमेकडं बाजार बायकांच्या हातात. धान्याचा भाव त्या ठरवणार, भांडणं त्या मिटवणार. लोखंड गाळणारे, नगारे वाजवणारे, सात पिढ्यांचा इतिहास तोंडपाठ गाऊन दाखवणारे... आणि हे सगळं मुलांच्या डोळ्यांपुढं नीट उभं राहिल्यावर, शेवटी, बोटी. मग नकाशावर पट्टी ठेवून आखलेल्या सरहद्दी. ती त्या सरहद्दी फळ्यावर खरोखर पट्टीनं आखायची, आणि खडूचा तो करकर आवाज माझ्या वर्गात यायचा.

संगीताला तिनं स्वतःजवळ ठेवून घेतलं. बापाचं मन वळायला वेळ लागला, पण आम्ही फडावर जाऊन आलो त्याच जानेवारीत पोरगी गाठोडं घेऊन एकटी एसटीनं आली आणि चाचींच्या माडीवर राहिली. आठवी तिथूनच केली, नववीही. हुशार होती असं मी म्हणणार नाही. शुद्धलेखनात फार चुका करायची. पण ऐकलेलं विसरायची नाही.

चौऱ्याण्णवचा उन्हाळा मला नीट आठवतो. आफ्रिकेच्या अगदी टोकाच्या देशात काळ्या लोकांना पहिल्यांदा मत द्यायला मिळालं. चाचींच्या टीव्हीवर आम्ही त्या रांगा पाहिल्या. संपता संपत नव्हत्या. अंगावर घोंगड्या घेतलेल्या म्हाताऱ्या, काठी टेकत, तासन् तास उभ्या. निर्मला टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन बसली होती. संगीताला म्हणत होती, बघ, नीट बघून ठेव. आणि त्याच दिवसांत पेपरात, आतल्या पानावर, त्याच खंडातल्या दुसऱ्या एका छोट्या देशाची बातमी यायची. शेजाऱ्यानं शेजाऱ्याला मारल्याची. नदीतून प्रेतं वाहत जात असल्याची. निर्मला ती बातमी वाचून पेपर घडी घालून ठेवायची, मग परत उघडायची. "एकाच महिन्यात," ती म्हणाली. "मी मुलांना यातलं आधी कुठलं सांगू?"

त्याच महिन्यात संगीताचं लग्न ठरलं. द्वारकाबाई सांगायला आली तेव्हा तिनं पायातल्या चपला काढल्या नाहीत, म्हणजे तिला थांबायचं नव्हतं. निर्मला पुष्कळ बोलली. दहावी होऊ द्या, एकच वर्ष, खर्च माझा. द्वारकाबाई खाली बघून ऐकत होती. मग म्हणाली, "कोयत्याला जोडी लागती, बाई. एकट्या पोराला मुकादम घेत न्हाई. तिकडचा पोरगा चांगला हाय, निर्व्यसनी हाय. अजून काय बघू मी?" निर्मला लग्नाला गेली. पंगतीत जेवली. संगीताच्या हातात एक साडी दिली आणि परत आली. त्या दिवशी ती रडेल असं मला वाटलं होतं. तिनं स्टोव्हवर चहा ठेवला आणि जून महिन्याचं वेळापत्रक आखायला बसली.

त्या वर्षी सप्टेंबर आला तरी तिनं आफ्रिका काढली नाही. पुस्तकाच्या क्रमानं आशियाच चालू ठेवला. मी विचारलं तर म्हणाली, "काय उपयोग?" एवढंच. तिच्या तोंडून असलं काही मी कधी ऐकलं नव्हतं.

मग एका सकाळी द्वारकाबाई वर्गाच्या दाराशी आली. लग्नानंतर दोघी एकमेकींशी बोलल्या नव्हत्या. "बाई, औंदा आफ्रिका न्हाई का?"

"आहे. जानेवारीत घेईन."

"जानेवारीत आमी असतो व्हय हितं?"

द्वारकाबाई पायरीवर बसली, पदरानं तोंड पुसलं. "संगीता आल्ती माहेरपनाला. सासूला म्हनं तिनं सांगितलं, आफ्रिकेत बाजार बाईच्या हातात असतो, भाव बाई ठरवती. सासू म्हनली, तुला गं कुनी सांगितलं? तर म्हनली, मी शिकलेय." मग ती म्हणाली, "मला पुढलं ठावं न्हाई. तवा मीच आले ऐकायला. सांगा."

निर्मलानं फळा पुसला. हे मी माझ्या वर्गाच्या दारातून पाहिलं. तिनं खडू घेतला आणि एका दमात आख्खी आफ्रिका काढली. तिथून पुढं दर वर्षी, दसऱ्याच्या आधीचे ते दोन-तीन आठवडे, द्वारकाबाई रानातलं काम आटपून यायची आणि पायरीवर बसून ऐकायची. आत मात्र कधी आली नाही. "आतमंदी पोरं बसत्यात," म्हणायची.

निर्मलाला आम्ही कर्जतला पोचवलं. पांढऱ्या साड्यांतल्या बायका, बुद्धवंदना, तिच्या आईचा एकसुरी आवाज. मला त्यातलं फारसं आठवत नाही. सातवीचे उरलेले पेपर मी तपासले. गाव तेव्हा फडावर होतं. ज्यांच्यासाठी तिनं एवढं केलं त्यांतल्या कुणालाही ती गेल्याचं माहीत नव्हतं. मग एप्रिलपासून ट्रक परत यायला लागले. आणि एकेक जण यायला लागला. कधी शाळेत, कधी चाचींच्या दुकानात, कधी माझ्या घरी. ओहोळबाई कुठंय? बाईची खोली बंद कशी? मी सांगायचे, कावीळ झाली, नगरला नेलं होतं, गेल्या. एका बाप्यानं डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली आणि बराच वेळ ती नुसती चाचपत राहिला. एक बाई उंबऱ्यावर बसली ती उठेचना. मी तेच वाक्य सांगत राहिले. सांगून सांगून ते इतकं गुळगुळीत झालं, की मला ते दुसऱ्याच कुणाबद्दलचं वाटायला लागलं. लोक रडायचे आणि मी त्यांना पाणी द्यायचे. मला अजून रडू आलेलं नाही. येईल, असं चाची म्हणतात.

द्वारकाबाईची टोळी सगळ्यांत शेवटी आली. अक्षय्य तृतीया होऊन गेली होती. पुस्तकं तिचा भाऊ घेऊन गेला होता, मी आणि चाची माडीवरची खोली आवरत होतो. जिन्यात पावलं वाजली आणि ती दारात उभी राहिली. तिला स्टँडवरच कुणीतरी सांगितलं होतं. यावेळी मला ते वाक्य म्हणावं लागलं नाही. तिनं खोलीभर नजर फिरवली. रिकामी फळी, गुंडाळलेली गादी, खिळ्याला काही नाही. मग कोपऱ्यातला केरसुणीचा बुडखा उचलला आणि झाडायला लागली. चाची म्हणाल्या, "अगं बस तरी, आताच आलीस." ती झाडतच राहिली.

"संगीताला पोरगी झाली," झाडता झाडता म्हणाली. "बाईला सांगाया आल्ते."

खाली दुकानात कुणीतरी चाचींना हाक मारत होतं, त्या गेल्या नाहीत. द्वारकाबाई खिडकीपर्यंत झाडत गेली आणि थांबली. पाठमोरीच म्हणाली, "मराठीच्या बाई, येक इचारू का?"

"विचारा."

"ती सोन्याची गावं... अन् ती बिनचुन्याच्या भिंतींची. बाजार चालवनाऱ्या बाया. खरंच हुतं का ते समदं? का आमाला बरं वाटावं म्हनून बाई सांगायच्या?"

मी मराठी शिकवते. आफ्रिकेबद्दल मला जे ठाऊक आहे ते भिंतीपलीकडून ऐकलेलं. पण रविवारची ती पहिली एसटी, शेजारी उघडा पडलेला शब्दकोश, एका वाक्यासाठी दोन-दोन पुस्तकं पालथी घालणं, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

"होतं," मी म्हटलं. "सगळं होतं. भिंती तर अजून उभ्या आहेत."

"बाईनं बघितल्या हुत्या?"

"नाही. बाई पुण्याच्या पुढं कधी गेली नाही."

द्वारकाबाई खिडकीतून बाहेर बघत राहिली. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं. मे महिन्याचं ऊन आणि शेजारच्या घराचे पत्रे.

"मंग नातीला सांगाया हरकत न्हाई," ती म्हणाली, आणि उरलेली खोली झाडून काढली.